भावाचं बँक खातं अडलं होतं, ते असं सुटलं

बाबा गेल्यावर धाकट्या भावाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार होतं, पण बँक खातंच उघडेना. तो बौद्धिक दिव्यांग, वय अठराच्या पुढे. 'पालक नेमल्याचा कोर्टाचा आदेश आणा' असं बँकवाले म्हणाले. आई हबकलीच.

कोर्टात जावं लागलं नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता असलेल्यांसाठी हा कायदा आहे. मी अर्ज केला. समितीत एक दिव्यांग सदस्यही असतो. त्यांनी आधी भावाशीच गप्पा मारल्या, ते फार बरं वाटलं. 'तुला कुणाजवळ राहायला आवडतं?' हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं!

खात्यासाठी समितीने दिलेलं पालकत्वाचं प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावं, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. तिची प्रत बरोबर न्याच. आमचं काम त्या कागदानेच झालं.

पुढे पालकाने 6 महिन्यांत भावंडाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, दरवर्षी हिशेबही. 'निरामय' या 1 लाखापर्यंतच्या आरोग्य विम्याचा अर्जही लगेहात करून टाका.