सामूहिक सायकलफेरीसाठी रस्त्यावर खुणा कशा कराव्यात

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद, कागजीपुरा आणि खुलताबादमार्गे वेरूळ हा सुमारे 30 किलोमीटरचा रस्ता आमच्या शहरातील सायकलस्वारांच्या पायाखालचा आहे. परंतु मोठ्या फेरीत जालना, बीड किंवा परभणीहून पहिल्यांदाच आलेले अनेकजण असतात. वेगवान मंडळी पुढे निघून जातात आणि दमलेल्यांवर फाट्यावर थांबून वाट विचारण्याची वेळ येते. खुणा करायच्या त्या या सर्वांत मागे राहिलेल्या, वाट ठाऊक नसलेल्या माणसासाठी, हे धरूनच कामाला लागावे.

प्रथम परवानगी घ्यावी. रस्ता महानगरपालिकेचा, जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्ग आहे, हे पाहून त्या कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा आणि प्रत पोलीस ठाण्यात द्यावी. रंग कोणता, आकार केवढा आणि खुणा कोणत्या दिवशी पुसल्या जातील, हे अर्जात स्पष्ट लिहावे. मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध महाराष्ट्रात 1995 चा कायदा आहे. दौलताबादच्या तटाला, दरवाजांना किंवा कोठल्याही मैलाच्या दगडाला रंगाचा थेंबही लागू देऊ नये.

डॅन हेन्री या अमेरिकी सायकलस्वाराच्या नावाने ओळखली जाणारी खूण या कामी मला सर्वांत योग्य वाटते: एक लहान वर्तुळ आणि त्याच्या कडेपासून जायच्या दिशेने निघणारी एकच रेघ. नुसता बाण रस्त्यावरील इतर खुणांत हरवतो. जुन्या पत्र्यात वीतभर रुंदीचे वर्तुळ व तेवढ्याच लांबीची रेघ कापून साचा करावा, म्हणजे प्रत्येक खूण सारखी उमटते. त्याच रस्त्यावर दुसऱ्या फेरीच्या खुणा उरलेल्या असतील, तर वर्तुळात आपले एक अक्षर घालावे.

तैलरंग वापरू नये. तो महिनोन्‌महिने टिकून पुढच्या फेरीला चकवतो आणि ओला झाला की त्यावरून चाक घसरते. डांबरी रस्त्यासाठी विझवलेल्या चुन्यात थोडी नीळ आणि डिंकाचे पाणी मिसळावे. पांढरा व पिवळा हे रंग वाहतुकीच्या अधिकृत पट्ट्यांचे असल्याने निळसर छटा वेगळी उठून दिसते. सिमेंटच्या रस्त्यावर मात्र ती फिकी पडते, म्हणून तेथे गेरू घ्यावा. चुना हाताळताना हातमोजे व चष्मा हवाच. आधी खराट्याने धूळ झाडावी, नाहीतर रंग धुळीवरच बसतो आणि उसाची पहिली ट्रॉली गेली की उडून जातो.

खूण कोठे करावी, यात खरे कौशल्य आहे. ताशी 20 किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार सेकंदाला साधारण साडेपाच मीटर पुढे जातो. त्यामुळे वळणाआधी सुमारे 60 मीटरवर पहिली खूण केली, तर मागे पाहून हात दाखवायला त्याला दहा-अकरा सेकंद मिळतात. खुलताबादहून वेरूळकडे उतरताना वेग दुप्पट होतो, तेव्हा हे अंतरही दुप्पट करावे. दुसरी खूण वळणाच्या तोंडाशी करावी, पण सायकल जेथे कलते तेथे नव्हे. तिसरी वळण संपल्यावर, वाट बरोबर असल्याची खात्री देणारी. जेथे सरळच जायचे आहे अशा फाट्यावरही खूण लागते. सर्वाधिक लोक तेथेच चुकतात, कारण कोणाला तेथे खुणेची गरजच वाटत नाही. सर्व खुणा डाव्या कडेपासून हातभर आत असाव्यात.

काम आदल्या दिवशी दुपारनंतर, दोघांनी मिळून करावे: एकाने रंगवावे, दुसऱ्याने चमकदार जाकीट घालून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून उभे राहावे. आंधळ्या वळणावर व पुलावर थांबू नये. फाट्यावरच्या चहावाल्याला आणि गावकऱ्यांना आवर्जून माहिती द्यावी. रस्त्यावर रंग दिसला की रुंदीकरणाची मोजणी आली, जमीन जाणार, अशी धास्ती लोकांना वाटते आणि ती अकारण नसते.

त्यानंतर वाट न पाहिलेल्या एखाद्या सहकाऱ्याला मोबाईलविना त्या खुणांवरून सायकलने पाठवावे. तो जेथे थबकेल, तेथे आणखी एक खूण करावी. रात्री अवकाळी पाऊस झाला, तर पहाटे पुन्हा फेरी मारावी. फेरीच्या दिवशी शेवटच्या सायकलस्वारामागून येणाऱ्या गाडीत पाण्याचे कॅन व खराटा ठेवावा आणि तो स्वार पुढे गेला की मागची प्रत्येक खूण घासून पुसून टाकावी.