ओतीव गोळी आणि क्रिंप: ९ मि.मी. काडतुसांतील अडचणी कशा सोडवाव्यात

अमेरिकेत नेमबाजीचा छंद असणारे अनेक जण वापरलेल्या पुंगळ्यांमध्ये (काडतुसांच्या पितळी कवचांमध्ये) शिशाच्या ओतीव गोळ्या बसवून काडतुसे घरीच पुन्हा भरतात. (भारतात परवान्याशिवाय काडतुसे तयार करण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार मनाई आहे.) या कामातील बऱ्याच तक्रारींचे खापर क्रिंपवर, म्हणजे गोळी बसवल्यावर पुंगळीचे तोंड आत दाबण्यावर, फुटते, आणि क्रिंप आणखी घट्ट करणे हा बहुतेकांचा पहिला उपाय असतो. माझ्या मते तोच सर्वांत वाईट उपाय आहे.

९ मि.मी.ची पुंगळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत) आपल्या तोंडाच्या कडेवर टेकते, म्हणून तिला तोंड किंचित निमुळते करणारा टेपर क्रिंपच द्यावा. गोळी बसण्यासाठी रुंदावलेले तोंड पुन्हा सरळ करणे, एवढेच त्याचे काम आहे. गोळीला पकडून ठेवते ती पुंगळीच्या भिंतीची पकड. क्रिंप जास्त दाबला की पितळ थोडे उसळून मागे येते, शिसे मात्र दबलेलेच राहते, आणि पकड उलट सैल होते. त्यामुळे गोळी आत सरकत असेल तर क्रिंप न वाढवता एक्स्पांडर (पुंगळीचे तोंड रुंदावणारा दांडा) आणि सायझिंग डाय (पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) तपासावी. गोळी आत सरकल्यास दाब धोकादायक वाढतो, हे विसरू नये.

नळीत शिसे साचत असेल किंवा गोळी लक्ष्यावर आडवी लागत असेल, तर बारूद व प्रायमर (बारूद पेटवणारी टोपी) नसलेली दोन नमुना काडतुसे तयार करावीत, एक क्रिंप न करता आणि एक क्रिंप करून. दोन्हींतील गोळ्या पुलरने (गोळी उपसण्याच्या साधनाने) काढून मायक्रोमीटरने मोजाव्यात. ०.३५६ इंचाची गोळी पहिल्यातच बारीक झाली असेल, तर दोष एक्स्पांडरचा असतो. तांब्याचे आवरण असलेल्या गोळ्यांसाठीचा एक्स्पांडर ओतीव गोळीला अनेकदा अरुंद आणि आखूड पडतो. फक्त दुसऱ्यातच झाली असेल, तर क्रिंप कमी करावा. कार्बाइडची कडी असलेल्या फॅक्टरी क्रिंप डायकडेही (क्रिंप देणाऱ्या एका प्रकारच्या साच्याकडेही) संशयाने पाहावे, कारण ती जाड गोळीला पुंगळीसकट दाबते.

गोळी बसवताना शिशाची साल निघत असेल, तर तोंड किंचित अधिक रुंदावावे आणि गोळी बसवणे व क्रिंप या क्रिया दोन वेगळ्या डायमध्ये कराव्यात.

.३८ स्पेशलसारख्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची गोष्ट वेगळी आहे. तिथे बार उडाल्याच्या झटक्याने गोळी पुढे सरकू नये म्हणून गोळीवरील खाचेत रोल क्रिंप (तोंडाची कड आत वळवणारा) लागतो. तो एकसारखा यायचा तर पुंगळ्यांची लांबीही एकसारखी हवी.

शेवटी पिस्तुलाची नळी सुटी करून नमुना काडतूस चेंबरमध्ये सोडावे. ते अडले तर त्यावर मार्करची शाई लावून पुन्हा घालावे आणि फिरवावे. शाई पुंगळीच्या तोंडाशी खरडली गेली तर क्रिंप अपुरा आहे. गोळीवर खरडली गेली तर गोळी थोडी खोल बसवावी आणि तेवढ्या लांबीसाठी बारुदाचे प्रमाण काडतुसे भरण्याच्या मॅन्युअलमधून पुन्हा ठरवावे.