लाउंजचा निकाल घरीच लागतो: क्रेडिट कार्डावर आत जाताना

साताऱ्याहून लोहगावच्या विमानतळावर निघायचं तर खंबाटकी आणि पुण्याची गर्दी धरून लवकरच निघावं लागतं. सांगलीकरांचं तर विचारूच नका, ते मध्यरात्रीच गाडी काढतात. पोहोचल्यावर हाताशी दोन तास उरतात आणि लाउंज, म्हणजे विमानतळावरच्या बसण्या-जेवण्याच्या खास जागेबद्दल कुणीतरी सांगितलेलं असतं, “क्रेडिट कार्ड दाखवायचं, फुकट जेवायचं.” हा सल्ला आता जुना झाला. पूर्वी कार्ड असलं की पुरे होतं. आता बऱ्याच कार्डांवर आधी ठरावीक खर्च केलेला लागतो, आणि तो तिमाहीच्या हिशेबाने मोजतात.

लोक अडकतात ते इथेच. तिमाही म्हणजे तुमच्या बिलाची तारीख नव्हे. बहुतेक बँका जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून अशी कॅलेंडरची तिमाही धरतात आणि मागच्या तिमाहीच्या खर्चावर चालू तिमाहीचा प्रवेश देतात. समजा, दिवाळीला पोवई नाक्यावरून फ्रिज घेतला, 40 हजार कार्डावर गेले आणि त्याच सुट्टीत केरळला निघालात. त्या फ्रिजचा या सहलीला काडीचा उपयोग नाही. दिवाळीच्या प्रवासासाठी जुलै ते सप्टेंबरमधला खर्च बघतात; फ्रिजचे पैसे जानेवारी ते मार्चमध्ये कामी येतील.

बरं, सगळा खर्च धरतातच असंही नाही. घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, पेट्रोल, एटीएममधून काढलेली रोकड यांपैकी बरंच काही कार्डाप्रमाणे वगळलं जातं. वस्तू परत केली तर ती रक्कमही वजा होते. तिमाहीच्या शेवटच्या दिवशी केलेली खरेदी बँकेच्या खात्यात दोन दिवसांनी चढली, तर ती पुढच्या तिमाहीत जाऊ शकते. म्हणून आकडा काठावर ठेवू नका, चार-पाच हजार जास्तच जाऊ द्या. रक्कमही बदलत राहते. एका मोठ्या खासगी बँकेने 2024 मध्येच ती आधी 35,000 केली आणि त्याच वर्षी 75,000 वर नेली. शेजाऱ्याच्या कार्डाचा नियम आपल्याला लावू नका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आपल्याच कार्डाच्या नावाखाली ‘लाउंज’ शोधा.

काही बँका दारात कार्ड स्वाइप करायला न लावता व्हाउचर किंवा क्यूआर कोड देतात. त्याचा मेसेज येतो, आपण जाहिरात समजून पुसून टाकतो. तो कोड घरीच, रेंज असताना काढून फोटो घेऊन ठेवा. ओटीपीची वाट लाउंजच्या दारात बघायची नसते.

बाकीचं सोपं आहे. कार्ड प्लास्टिकचंच न्या, फोनमधला फोटो चालत नाही. अ‍ॅपमध्ये दुकानातल्या मशीनवरचे व्यवहार चालू आहेत ना, ते पाहा. सुरक्षा तपासणी आटोपून आत जा, कारण बहुतेक लाउंज तिथेच असतात. मुंबईला टर्मिनल आधी बघा. टी 1 च्या विमानाला टी 2 चं लाउंज कामाचं नाही.

दारात बोर्डिंग पास आणि कार्ड द्या. मशीनवर बहुधा 2 रुपये कापले जातात. नाकारलं तर पुन्हापुन्हा घासायला सांगू नका. खर्चाची अट अपुरी, कार्डावरच्या फुकट फेऱ्या संपलेल्या किंवा कार्ड बंद, कारण बहुधा यांतलंच असतं आणि घासून त्यातलं काहीच बदलत नाही. “पैसे भरून येता का?” असं विचारलं तर आधी दर विचारा, मग कार्ड द्या. सोबतच्या माणसाचे पैसे बहुधा वेगळे लागतात, त्यामुळे पूर्ण कुटुंबाला घेऊन एका कार्डावर आत जायचा बेत करू नका. स्लिप फाडू नका: 2 रुपयांऐवजी मोठी रक्कम बिलात आली तर तक्रारीला तीच लागते.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक इशारा. प्रायॉरिटी पास, म्हणजे जगभरातल्या लाउंजमध्ये प्रवेश देणाऱ्या सदस्यत्वाचं कार्ड, हे क्रेडिट कार्डापेक्षा निराळं असतं. काही कार्डांवर ते भारतातल्या लाउंजमध्ये वापरलं की पैसे लागतात, म्हणून देशात आधी क्रेडिट कार्डच पुढे करा.

आत इडली गरम असली तरी विमानांच्या वेळा दाखवणाऱ्या पडद्यावर नजर ठेवा. अनेक विमानतळांवर आता घोषणा होत नाहीत, आणि विमान सुटण्याच्या वेळेआधी साधारण 25 मिनिटं गेट बंद होतं. घरून आणलेली भडंग मात्र पिशवीतच राहू द्या, लाउंजमध्ये बाहेरचं खाणं काढलं की हटकतात.