चहाच्या अर्काचा सौम्य फेसवॉश वापरताय? या चुका टाळा

ग्रीन टीचा सौम्य फेसवॉश आणला, तरी चेहरा ओढल्यासारखा होतो. किंवा उलट, 'धुतल्यासारखं वाटतच नाही.' या दोन्ही तक्रारी माझ्या कानावर सतत येतात, आणि बहुतेक वेळा चूक वापरण्यात सापडते.

सुरुवात फेसापासून. साबणाने धुतलेल्या गालावर बोट फिरवलं की चरचरतं, आणि आपण त्यालाच स्वच्छता मानत आलो. साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, साधारण ९ ते १०, त्वचेचा ५ च्या आसपास; म्हणजे त्वचेच्या मानाने साबण बराच अल्कलीयुक्त. ती चरचर म्हणजे त्वचेचं स्वतःचं तेलही निघून गेल्याची खूण. सौम्य फेसवॉशला सहसा फेस कमी येतो, म्हणून पुन्हा पुन्हा घेऊ नका, वाटाण्याएवढा पुरतो. उटण्यासारखा चोळूही नका, आणि गिझरचं कढत पाणी नको, कोमटच घ्या.

दुसरी चूक म्हणजे 'जरा मुरू दे' म्हणून तो पॅकसारखा लावून बसणं. मळ काढतो तो त्यातला सर्फॅक्टंट, म्हणजे तेल-मळ पाण्यात सोडवणारा घटक, चहा नव्हे. ग्रीन टीतले कॅटेचिन नावाचे घटक गुणाचे खरे, पण धुऊन टाकायच्या फेसातून ते त्वचेला फारसे मिळत नाहीत. सर्फॅक्टंट मात्र जितका वेळ राहील तितकी त्वचा कोरडी करतो. अर्धा मिनिट पुरे. चहाचा फायदा हवाच असेल, तर तो न धुता राहणाऱ्या क्रीममध्ये शोधा. टी ट्री ऑइलचा तर चहाशी संबंधच नाही. ते ऑस्ट्रेलियातल्या मेलाल्युका नावाच्या झाडाचं तेल, आणि काहींना त्याची ॲलर्जी येते.

वनस्पतींचं म्हणून निर्धोक, हा समज मला सगळ्यात जास्त खटकतो. अशा फेसवॉशमध्ये पुष्कळदा कॅमोमाइल किंवा कॅलेंड्युला या फुलांचा अर्कही असतो. ही दोन्ही झेंडू-शेवंतीच्या कुळातली, आणि आपलं गाजरगवतही त्याच कुळातलं! शेतात किंवा रस्त्याकडेच्या गाजरगवताने ज्यांच्या मानेला, पापण्यांना खाज सुटते, त्यांना हे अर्कही त्रास देऊ शकतात. लेबलवरची घटकांची यादी वाचा. नवीन बाटली आधी कोपराच्या आतल्या बाजूला, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून-धुऊन पाहा, मगच चेहऱ्याला लावा.

आणि आपली घरोघरची सवय: बाटली संपत आली की पाणी घालून हलवायची. काटकसर म्हणून शाम्पूलाही हेच करतो, पण इथे घातलेल्या पाण्याने जंतूंना रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतं, आणि ओल्या, उबदार बाथरूममध्ये जंतूंना रान मोकळं मिळतं. घरी उकळलेला चहा किंवा लिंबाचा रस त्यात मिसळणंही तसंच घातक. शेवटचा थेंब हवा असेल तर बाटली उलटी ठेवा.

रंग थोडा तपकिरी झाला तर घाबरू नका, कॅटेचिन हवेने नि उजेडाने काळवंडतात. खिडकीपासून दूर ठेवा. वास बदलला किंवा थर सुटले, तर मात्र फेकून द्या.

पाण्याने न जाणारं सनस्क्रीन लावत असाल, तर एकट्या या फेसवॉशवर विसंबू नका. आधी क्लिन्झिंग ऑइल किंवा बामने ते सोडवा, मग फेसवॉश.

धुतल्यावर आग होत राहिली, पुरळ आलं किंवा पापण्या सुजल्या, तर वापर तिथेच थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना बाटली सोबत न्या, म्हणजे त्यांना घटक वाचता येतील.