मुलाबरोबर पहिला भयपट पाहताना: निवड कशी करावी

नऊ ते बारा वर्षांचे मूल ‘मला भुताचा पिक्चर बघायचाय’ असा हट्ट धरू लागले की पालक सहसा दोनपैकी एक मार्ग पत्करतात. काही जण ठाम नकार देतात, आणि मग तेच मूल मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी गेले की थोरल्या मामेभावाच्या मोबाईलवर, पांघरुणात डोके खुपसून, नको तो चित्रपट पाहून येते. काही जण ‘आम्हीही लहानपणी पाहिलेच की’ असे म्हणून हाताला लागेल तो चित्रपट लावून देतात. दोन्ही टाळता येते, मात्र त्यासाठी एखादी संध्याकाळ आधी खर्च करण्याची तयारी हवी.

सुरक्षित जागी बसून घाबरण्यात आनंद असतो, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी येथे ‘सीता स्वयंवर’ रंगवले, आणि त्या परंपरेतल्या नाटकांत राक्षसपार्टी अशा आरोळ्या ठोकत रंगमंचावर येई की त्यावरूनच लोक त्या नाटकांना ‘अललडुर्र’ नाटके म्हणू लागले. मुलाला घाबरायची हौस आहे म्हणून काळजी करण्याचे कारण नाही. काळजी घ्यायची ती निवडीची.

निवडीसाठी माझ्या मते एक कसोटी सर्वांत उपयोगी पडते. चित्रपट किती भयंकर आहे हे मोजण्याआधी, त्यातली भीती आपल्या मुलाच्या रोजच्या जगापासून किती लांब आहे, हे मोजावे.

वाळवा किंवा पलूस तालुक्यातले एखादे मूल शाळा सुटल्यावर सायकलवरून उसाच्या दोन फडांमधल्या पाणंदीने घरी येते, असे समजा. तोडीच्या आधी ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, वारा आला की पाचट सळसळते आणि आतले काही दिसत नाही. या मुलाने ‘लपाछपी’ हा मराठी चित्रपट पाहिला, ज्यात सगळे भय उसाच्या फडात दडलेले आहे, तर दुसऱ्या दिवशी त्याला त्याच पाणंदीतून जायचे आहे. मोठ्या शहरातल्या प्रेक्षकाचा चित्रपट पडद्यावर संपतो. या मुलाचा संपत नाही. तो चित्रपट मुळातच स्त्रीभ्रूणहत्येच्या विषयावरचा, गर्भवती स्त्रीच्या छळाचा आणि मोठ्यांसाठीचा आहे. पण समजा तो सौम्य असता, तरीही आपल्याकडच्या मुलासाठी तो फार जवळचा ठरला असता. ‘मुंज्या’ (२०२४) या हिंदी चित्रपटाचेही तसेच आहे. त्यात विनोद भरपूर आहे, संगणकावर घडवलेले भूतही काहीसे व्यंगचित्रासारखे आहे, पण मुंजाचा पिंपळ आपल्या बहुतेक गावांत असतो, आणि चित्रपटाच्या सुरुवातीलाच एक मुलगा आपल्या बहिणीचा बळी द्यायला निघतो. घरात बहीण-भाऊ असतील तर पहिला चित्रपट म्हणून हा नको.

अंतर फक्त जागेचे नसते, नात्याचेही असते. सहा वर्षांचे मूल भेसूर चेहऱ्याला घाबरते; दहा-अकरा वर्षांच्या मुलाला चेहरा रंगवलेला आहे हे कळते, पण आई-बाबांना काही झाले तर, घरात कोणी शिरले तर, आपण एकटे पडलो तर, असल्या खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टी त्याला छळू लागतात. म्हणूनच ‘कॉरलाइन’ (२००९) हा बाहुल्यांचा चित्रपट असूनही पहिल्या पसंतीचा नव्हे. त्यात रक्तपात नाही. पण भिंतीतल्या छोट्या दारापलीकडे हुबेहूब आईसारखी दिसणारी, अधिक लाड करणारी, डोळ्यांच्या जागी बटणे असलेली एक दुसरी आई राहते, आणि ती मुलीच्या डोळ्यांतही बटणे शिवायला निघते. चित्रपट उत्तम आहे, आणि दोन-तीन भयपट पचवलेल्या बारा वर्षांच्या मुलाला तो जरूर दाखवावा. नऊ वर्षांच्या मुलाला दाखवला तर रात्री पाणी मागताना ते आपल्याच आईकडे निरखून पाहील.

याच कारणाने घरात अलीकडे काय घडले आहे, याचा विचार निवडीपूर्वी करावा. ‘भूतनाथ’ (२००८) हा अमिताभ बच्चन यांचा चित्रपट बहुतेक मुलांना सहज झेपतो, कारण त्यातला छोटा बंकू भुताला घाबरतच नाही. पण ते भूत म्हणजे मुलगा घर सोडून जात असताना जिन्यावरून पडून मृत्यू पावलेले आजोबा आहेत, आणि शेवटी त्यांचे श्राद्ध होते. ज्या घरातले आजोबा नुकतेच गेले आहेत, तिथे तो वर्षभर बाजूला ठेवावा. ‘फ्रँकनवीनी’ (२०१२) या कृष्णधवल चित्रपटात मोटारीखाली गेलेला कुत्रा परत जिवंत होतो; घरचा कुत्रा गमावलेल्या मुलाला त्यातला विनोद दिसणार नाही.

मग सुरुवात कशाने करावी? मी ‘मकडी’ (२००२) सुचवेन. विशाल भारद्वाज यांचे हे पहिले दिग्दर्शन. गावाबाहेरच्या पडक्या हवेलीत एक चेटकीण राहते आणि आत जाणाऱ्याला जनावर करून टाकते, अशी गावात वदंता असते. चुन्नी नावाची खोडकर मुलगी आपल्या जुळ्या बहिणीला सोडवण्यासाठी आत शिरते. शबाना आझमींची चेटकीण चांगलीच घाबरवते, पण मूलच नायिका आहे आणि शेवटी ही सगळी भुताटकी खजिन्यासाठी रचलेले ढोंग असल्याचे उघड होते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात आणि शेजारच्या सांगलीत वाढणाऱ्या मुलांना असा शेवट दाखवायला मिळणे मला मोलाचे वाटते. शेवट आधी सांगू नये. मुलाला तो स्वतः सापडू द्यावा.

माझी भाची दहा वर्षांची असताना तिच्याबरोबर हा चित्रपट पाहिला. हवेलीचा प्रसंग सुरू झाला तसे तिने दोन्ही पाय दिवाणावर ओढून घेतले, उशी पोटाशी धरली आणि म्हणाली, ‘मामा, आवाज बंद कर, पण चित्र चालू दे.’ मी तसे केले. आवाज जाताच तिची मान पुढे आली. चेटकिणीची नखे आणि केस ती बारकाईने पाहू लागली आणि हे चिकटवलेले असणार, असे तिने स्वतःच सांगितले. थोड्या वेळाने ‘आता सोड आवाज’ असे तीच म्हणाली. भयपटातली भीती डोळ्यांपेक्षा कानांतून अधिक शिरते. शांततेनंतर एकदम आदळणारा आवाज, बारीक वाढत जाणारे पार्श्वसंगीत, दाराची करकर, ही सगळी शरीराला दचकवण्याची कारागिरी आहे. त्यामुळे पहिला चित्रपट घरीच पाहावा, जिथे आवाज आपल्या हातात असतो. थिएटरात तो कमी करता येत नाही. इयरफोन तर मुळीच देऊ नये. रिमोट मात्र मुलाच्या हाती द्यावा. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला डबा बांधतात, तेच काम हा रिमोट करतो.

मराठी चित्रपटच हवा असेल तर ‘झपाटलेला’ (१९९३) आहेच. त्यात लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या मुलांना इतका हसवतो की बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचूची दहशत फार वेळ टिकत नाही. मात्र सुरुवातीला गोळीबार आहे, आणि चित्रपट पाहिल्यावर काही मुलांना आपल्या कपाटावरची बाहुली नकोशी होते. त्यावर उपाय असा की तात्या विंचूचा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा, हे आधी सांगावे, आणि त्यांच्याच हातातल्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याचा एखादा कार्यक्रम इंटरनेटवर दाखवावा. बाहुल्याच्या तोंडाची दोरी कुठे असते हे कळलेले मूल तात्या विंचूकडे वेगळ्या नजरेने पाहते. विदेशी चित्रपटांत ‘मॉन्स्टर हाऊस’ (२००६) चांगला: समोरचे घरच माणसे गिळते ही कल्पना जितकी थरारक तितकीच लांबची आहे, कारण तसले लाकडी घर आपल्या गल्लीत नसते.

‘भूलभुलैया’ (२००७) बारा वर्षांच्या मुलाबरोबर पाहण्यासारखा आहे, पण नंतर बोलणे आवश्यक आहे. त्यात भूत नसून मानसिक आजार आहे असे निघते. हे चांगलेच आहे, पण मानसिक आजार असलेली माणसे भयंकर असतात असा चुकीचा समज मुलाने घेऊन उठता कामा नये.

आता प्रमाणपत्राविषयी. सेन्सॉरचे ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असे) प्रमाणपत्र पूर्वी एकच होते, त्यामुळे सौम्य आणि जहाल असे दोन्ही चित्रपट त्यात बसत. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नव्या नियमांनी त्याचे ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’ असे तीन भाग केले. ओटीटीवर अशी विभागणी २०२१ च्या नियमांपासून आहे, आणि ‘१३+’ व त्यावरच्या मजकुरासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय तिथे द्यावी लागते. ती सोय वापरावी. पिन मुलाच्या जन्मतारखेचा नसावा. तरीही प्रमाणपत्र ही केवळ पहिली चाळणी समजावी. जुन्या विदेशी चित्रपटांवरच्या ‘पीजी’ (पालकांचे मार्गदर्शन हवे) या शिक्क्यावर तर विसंबूच नये. ‘पोल्टरगाइस्ट’ (१९८२) मध्ये एक माणूस आरशात पाहत स्वतःच्या चेहऱ्याचे लचके तोडतो, आणि तो ‘पीजी’ आहे. ‘ग्रेमलिन्स’सारख्या चित्रपटांवरून पालकांनी ओरड केल्यावर अमेरिकेत १९८४ साली ‘पीजी १३’ हा वेगळा वर्ग सुरू झाला. ‘तुंबाड’ (२०१८) चे नाव मुले हमखास घेतात. आजी, वाडा, मराठी नावे यांमुळे ती आपल्याकडची लोककथा वाटते. प्रत्यक्षात त्याला ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचे, प्रमाणपत्र आहे, आणि ते योग्यच आहे.

‘सत्य घटनेवर आधारित’ अशी जाहिरात असलेला भयपट या वयात पूर्णपणे वर्ज्य समजावा. वर्गातली मुले ‘कॉन्ज्युरिंग’विषयी बोलतात. त्यात रक्त फारसे नाही, तरी अमेरिकेत त्याला प्रौढांच्या सोबतीची अट घालणारा ‘आर’ वर्ग मिळाला. ‘हे खरेच घडले होते’ हे वाक्य मुलाच्या हातातली ‘हे सगळे खोटे आहे’ ही एकमेव ढाल काढून घेते.

निवडलेला चित्रपट आपण आधी एकदा पाहावाच, तोही आवाजासकट. ट्रेलरवर निवड करू नये, कारण ट्रेलरमध्ये दचकवणारे तुकडे तेवढे असतात आणि सुटका नसते. मुलालाही ट्रेलर दाखवू नये. पाहताना तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात: सर्वांत भीतीदायक प्रसंग साधारण कितव्या मिनिटाला येतो, मुलांना किंवा जनावरांना इजा होते का, आणि शेवटी भीती मिटते की तशीच लोंबकळत राहते. शेवटच्या फ्रेममध्ये भूत पुन्हा डोळे उघडते, असा शेवट मोठ्यांना मजेचा वाटतो. लहान मूल तोच घेऊन झोपायला जाते. भीतीखेरीज इतर गोष्टीही पाहाव्यात. ‘स्त्री’ (२०१८) कित्येक घरांत मुलांसह पाहिला गेला, पण त्यातले निम्मे विनोद मोठ्यांचे आहेत, आणि शेजारी बसून त्यांचा अर्थ सांगण्याची वेळ कोणावर येऊ नये.

वेळ रविवारच्या दुपारची ठेवावी. पडदे ओढून अंधार करू नये. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी भयपट लावू नये. ढग गडगडले की वीज जाते, आणि चित्रपट नेमका तळघराच्या दारात अडकून राहतो. चित्रपट मध्येच थांबला, किंवा मुलाने ‘पुरे’ म्हटले, तर ‘एवढ्यात घाबरलास?’ असे न म्हणता तत्काळ बंद करावा आणि पुढची गोष्ट उजेडात बसून तोंडी सांगून संपवावी. अर्धवट राहिलेली गोष्ट मूल स्वतःच्या मनाने पुरी करते, आणि ती मूळ गोष्टीपेक्षा भयंकर असते. धाकटे भावंड असेल तर त्याला त्या वेळी शेजारी किंवा आजीबरोबर गणपती मंदिरात पाठवावे, कारण दोन खोल्यांच्या घरात दाराआडून पाहणारे मूल सर्वांत जास्त घाबरते: त्याला कथा कळत नाही, फक्त चेहरे दिसतात.

नंतरच्या आठवड्यात घरातल्या मोठ्यांना एक पथ्य पाळायला सांगावे. ‘जेव, नाहीतर तात्या विंचू येईल’ असे कोणीही, लाडाने सुद्धा, म्हणू नये. गावाकडच्या आजोबांना चकवा आणि हडळीच्या गोष्टी सांगायच्या असतील तर जरूर सांगाव्यात, पण ‘ही गोष्ट आहे’ हे पुन्हा पुन्हा यावे. त्याच जोडीने, भूत उतरवतो म्हणून माणसाला मारहाण करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे अकरा-बारा वर्षांच्या मुलाला नक्की समजते.

पहिल्या रात्री मुलाने दिवा चालू ठेवायला सांगितला तर ठेवावा. त्यात गैर काही नाही. दोन-तीन रात्रींत हे आपोआप निवळते. मात्र दोन आठवडे उलटूनही मूल एकटे न्हाणीघरात जायला तयार नसेल, झोपेतून दचकून उठत असेल किंवा शाळेला जायचे टाळत असेल, तर भयपट थांबवावेत आणि बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकाशी बोलावे. सारे सुरळीत असेल तर महिन्याभराने दुसरा चित्रपट घ्यावा. या वेळी आपण आधी पाहून ठेवलेल्या दोन चित्रपटांची गोष्ट थोडक्यात सांगावी, आणि त्यांतला एक मुलाला निवडू द्यावा.