हाफ फाइव्ह म्हणजे नेमके किती वाजले?

शाळा खानापूरला मराठी मिडियमची, डिप्लोमा बेळगावात, आणि पहिली नोकरी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात, जिथनं पार्ट इंग्लंडला जायचे. टेन्स, व्हॉइस सगळं पाठ होतं बघा, पण मला आडवं पाडलं ते घड्याळानं. पहिल्याच डिसेंबरात तिकडचा साहेब म्हणाला, ‘आय विल कॉल ॲट हाफ फाइव्ह’. मी हिशोब घातला, पाचाला अर्धा कमी म्हणजे साडेचार, म्हणजे आपले रात्रीचे दहा. दहापासून ड्रॉइंग पसरून बसलो, वॉचमनमामांनी दोनदा चहा पाजला, पावणेअकराला कंटाळून गाडी काढली, घरी ताटावर बसतोय तर बरोबर अकराला फोन! ब्रिटिश लोक बोलताना मधला ‘पास्ट’ गिळतात, हाफ फाइव्ह म्हणजे सरळ साडेपाच. आई म्हणते, जेवून तरी बोल रे, आणि मी डाव्या हातात फोन धरून ड्रॉइंग आठवतोय.

आणि इंग्लंडच्या अन् आपल्या घड्याळातला हा साडेपाच तासांचा फरक पण बारा महिने नसतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ तासभर पुढं करतात, मग फरक साडेचारच, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत साडेपाच. एवढं तरी कॅलेंडरवर लिहून ठेवा.

क्वार्टर टू फाइव्ह मात्र आपल्याला सोपं, कारण ते आपलं पावणेपाचच, पुढच्या तासाकडनं मोजलेलं. माझा कन्नड मित्र इथं अडायचा, त्यांच्यात नाल्कूमुक्काल, चार आणि पाऊण, मग हा पाच आला कुठनं म्हणायचा. मी त्याला सांगितलं, इथं मराठीत विचार कर लेका. अमेरिकन माणूस क्वार्टर ऑफ फाइव्ह म्हणाला तरी तेच, पावणेपाच. सव्वापाचला क्वार्टर पास्ट, तो अमेरिकन आफ्टर म्हणेल. फार गोंधळ वाटला तर फाइव्ह फिफ्टीन म्हणून मोकळे व्हा, कोण हसत नाही.

ओ’क्लॉक फक्त पूर्ण तासाला, फाइव्ह थर्टी ओ’क्लॉक नाही. टेन ए. एम. मॉर्निंग पण नको, ए. एम. मध्येच सकाळ आली. आणि ट्वेल्व्ह ए. एम. म्हणजे रात्रीचे बारा, दुपारचे नव्हेत, तिथं नून किंवा मिडनाइटच लिहा.

खरा घात आपल्या ‘पर्यंत’नं होतो. पाचपर्यंत ऑफिसात आहे, पाचपर्यंत पाठवतो, आपल्याला दोन्हीकडं एकच शब्द, म्हणून दोन्हीकडं टिल ठोकायचं. पण पहिल्यात काम पाचपर्यंत चालूच असतं, तिथं टिल. दुसऱ्यात पाचच्या आत एकदा व्हायचं असतं, तिथं बाय. मी ऐटीत मेल टाकलेला, ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’, म्हणजे शुक्रवारपर्यंत पाठवतच राहीन. साहेबाचं उत्तर आलं, एकदा पाठवलास तरी पुरे.