बॅच सांभाळून कथा लिहिताना

जळगावात मी गेली नऊ वर्षे फिटनेस प्रशिक्षक म्हणून काम करते आणि त्यातली सहा वर्षे नियमाने कथा लिहिते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या आणि लेखनाचीही ओढ असणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न असतो, तो वेळ कसा काढायचा हा. वेळ आपल्याकडे असतो. माझी सकाळची शेवटची बॅच साडेनऊला सुटते आणि संध्याकाळची पहिली साडेपाचला सुरू होते. खरी अडचण अंगात उरणाऱ्या शक्तीची असते, आणि हे उमगायला मला तीन वर्षे लागली.

सुरुवातीला मी चारही बॅचमध्ये प्रत्येक व्यायाम सगळ्यांबरोबर पूर्ण करत असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे. त्यातला ३०० मिनिटांचा आकडा मी दुसऱ्याच दिवशी ओलांडत होते आणि दुपारी वही उघडली की डोळे मिटत होते. पुढे एका ज्येष्ठ प्रशिक्षिकेने माझ्या दोन बॅच पाहून मला समजावले, की करून दाखवणे वेगळे आणि शिकवणे वेगळे. तेव्हापासून मी प्रत्येक प्रकार दोन-तीनदा करून दाखवते आणि मग हॉलमध्ये फिरत प्रत्येकाचा गुडघा, पाठ आणि श्वास पाहते. चुका लवकर दिसतात, दुखापती टळतात आणि दुपारसाठी शक्ती शिल्लक राहते.

याच फिरण्याने मला कथाही दिली. पारोळ्याकडच्या साठीतल्या एक बाई, ‘मन्हं आंग दुखस’ म्हणत म्हणत, स्क्वॉट करताना खिडकीचा गज घट्ट धरत असत. ज्या दिवशी त्यांनी गज सोडला, त्या दिवशी मोकळा हात कुठे ठेवावा हे न सुचल्यामुळे त्यांनी मंगळसूत्रच मुठीत धरले होते. ती मूठ मी त्यांना विचारून कथेत घेतली. मात्र प्रवेशाच्या वेळी लोक विश्वासाने जे आजार आणि ज्या शस्त्रक्रिया आपल्याला सांगतात, त्यांतले काहीही, नाव बदलूनसुद्धा, लिहू नये असे माझे ठाम मत आहे.

बॅच संपल्यावर लगेच लिहायला बसू नये. एक ते आठ ही मोजणी तासभर डोक्यात चालू राहते आणि वाक्येही त्याच ठेक्यात तुटक उतरतात. अंघोळ, जेवण आणि अर्धा तास झोप झाल्यावर, दोन ते चार या वेळात मी नवा मजकूर लिहिते. रात्री थकलेल्या डोक्याने फक्त शुद्धलेखन तपासते किंवा सुचलेले फोनवर बोलून ठेवते. आपण नवशिक्याला पहिल्याच दिवशी जड वजन देत नाही. तोच नियम इथेही लावावा आणि रोजच्या दीडशे शब्दांपासून सुरुवात करून दर महिन्याला थोडी भर घालावी. अमळनेरला शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. शिकवण्याच्या रगाड्यात रोजचे लिहिणे टिकू शकते, याचा इतका जवळचा दाखला आपल्या खानदेशातच आहे, याचा मला फार आधार वाटतो.

वर्षाचाही हिशेब मांडावा. जानेवारीत नव्या नोंदणीमुळे हॉल भरलेला असतो, तेव्हा नवी कथा हाती घेऊ नये. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, लग्नसराई आणि सुट्ट्यांमुळे बॅच ओसरतात आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते. कूलरसमोरचे ते दोन महिने माझ्या पहिल्या खर्ड्याचे असतात. बहुतेक दिवाळी अंकांना साहित्य जून ते ऑगस्टदरम्यान हवे असते, त्यामुळे पुनर्लेखनाला पुरेसा अवधी मिळतो.

एका जुलैत मी बदली प्रशिक्षक म्हणून दोन जादा बॅच घेतल्या. तिथे माइक नव्हता. आठवड्यात आवाज बसला, माझ्या नेहमीच्या बॅच बुडाल्या आणि कथा पाठवण्याची तारीखही निघून गेली. म्हणून नव्या जागी पगाराची बोलणी करतानाच माइक मागून घ्यावा आणि जून ते ऑगस्ट बदलीच्या बॅच घेणार नाही, हेही तेव्हाच सांगावे. मी आता तसे सांगते, आणि आजवर एकाही जिमचालकाने त्यासाठी मला काम नाकारलेले नाही.